इद्दतीत पाठवलेले दोन हजार

विट्यात गादी करून घ्यायची तर याकूबकडे जावं, पण टाका फरीदाचा आहे ना ते बघून घ्यावं, असं जुनी माणसं सांगायची. याकूब नदाफ कापूस पिंजायचा आणि गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचा. मागच्या बाजूला फरीदा खोळीत भरलेल्या गादीवर गुडघे टेकून बसायची आणि दाभणाने टाके घालत जायची. तिच्या गादीत दहा वर्षांनीही गोळा होत नसे. कापसाची धूळ दोघांच्या भुवयांवर बसायची आणि दुपारी जेवायला बसताना दोघंही म्हातारी दिसायची. मग तोंडं धुतली की पुन्हा वयाची होत.

दुकान म्हणजे एकच लांब खोली. पुढे शटर, मागे पडदा आणि पडद्यापलीकडे घर. तीस वर्षं ती खोली भाड्याची होती. नोटाबंदीच्या हिवाळ्यात मालक विकायला निघाला. याकूबने सगळी शिल्लक मोडली, फरीदाच्या पाटल्या मोडल्या, तरी पाच लाख कमी पडत होते. बँकेने त्याचं वय बघितलं आणि हात वर केले. तेव्हा भाऊसो उभा राहिला.

भाऊसो विट्याच्या कितीतरी माणसांसारखा गलाईवाला, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करणारा. पंचवीस वर्षं सेलमला भट्टी लावून बसला. ॲसिडच्या वाफेने छाती पोखरली तेव्हा दुकान मुलाच्या, राजवर्धनच्या हवाली करून गावी परतला. याकूब आणि तो एका शाळेत होते, एका तालमीत होते आणि याकूबने त्याच्या लग्नातली गादी भरली होती. त्याने जानेवारीत बँकेतून पाच लाख याकूबच्या खात्यावर टाकले. व्याज नाही. याकूबला व्याज चालत नव्हतं आणि भाऊसोला दोस्ताकडून घ्यायचं नव्हतं. तरी याकूबने आपण होऊन स्टॅम्प लावलेली हातउसनी पावती लिहून दिली.

"कागूद कशाला रं? माझा इश्वास न्हाई व्हय तुझ्यावर?" भाऊसो म्हणाला होता.

"तुझा हाय. माझ्या मरणावर माझा न्हाई," याकूब म्हणाला.

पैसे काही फिटले नाहीत. फोमच्या गाद्या मोबाईलवर मागवता यायला लागल्या. नव्या सुनांना कापसाची गादी जड वाटू लागली. दर ईदला याकूब शीरखुर्मा घेऊन भाऊसोकडे जायचा आणि म्हणायचा, "औंदा देतो." भाऊसो म्हणायचा, "दे की. मी कुठं पळतोय?" राजवर्धनच्या लग्नात याकूबने चार गाद्या फुकट पाठवल्या, तर भाऊसोने दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन त्यांचे पैसे मोजून दिले. म्हणाला, "हे येगळं आणि ते येगळं. मिसळायचं न्हाई."

नोव्हेंबरात, पावती लिहून तीन वर्षं व्हायला जेमतेम दोन महिने उरलेले असताना, याकूब पिंजायच्या मशीनपुढे बसल्या जागी कलला. फरीदाला वाटलं, वाकून पट्टा बघतोय.

जनाज्याच्या नमाजाआधी मयताच्या वारसाने उभं राहून विचारायचं असतं. अजहर, त्यांचा एकुलता एक मुलगा, लोणंदच्या कारखान्यात फिटर होता. तो उभा राहिला आणि रडत रडतच म्हणाला, "माझ्या अब्बांकडून कुणाचं देणं राहिलं असेल तर त्यानं माझ्याकडं यावं. न्हाईतर अल्लाच्या वास्ते माफ करावं." भाऊसो डोक्याला रुमाल बांधून कडेला, इतर हिंदू मंडळींत उभा होता. त्याने मान खाली घातली. पुढे आला नाही, बोलला नाही. दगडाबाईच्या नवऱ्याने हे डोळ्यांनी पाहिलं आणि दगडाबाईने संध्याकाळी फरीदाला सांगितलं.

दगडाबाई दुकानात कापूस भरायला यायची. घाटमाथ्यावरच्या धनगराची. तोंडाने फटकळ, पण फरीदाला तिच्याशिवाय करमत नसे.

तिसऱ्या दिवशी भाऊसो आला. फरीदा इद्दतीत बसली होती. नवरा गेला की चार महिने दहा दिवस बाईने घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषापुढे जायचं नाही. म्हणून भाऊसो पुढे दुकानात स्टुलावर बसला आणि ती पडद्याआड बसली. मध्ये बराच वेळ त्याचा खोकलाच तेवढा बोलत होता.

"भाबी, मी मागायला आलो न्हाई हां," तो शेवटी म्हणाला. "मयताच्या घरी मागायला येणारातला भाऊसो न्हवं."

"ठावं हाय, भाऊ." फरीदा पडद्याची कड बोटात धरून थांबली. आता तो एक शब्द म्हणेल असं तिला वाटलं. माफ. एवढं म्हणाला असता की याकूब सुटला असता. कर्जात मेलेल्या माणसाचा जीव वर अडकून राहतो, त्याचं देणं फिटेपर्यंत त्याला पुढे जाऊ देत नाहीत, हे तिने आजीच्या मांडीवर ऐकलं होतं आणि त्यावर कधी शंका घेतली नव्हती.

"बघू मागनं," भाऊसो म्हणाला आणि उठला.

त्याने मागितलंही नाही आणि सोडलंही नाही.

अजहर लोणंदला परतला. तिथे कारखान्यातल्या कुणीतरी त्याचे डोळे उघडले. मग त्याने विट्याच्या माया लाड या वकीलबाईंना गाठून विचारून घेतलं. डिसेंबरात तो बापाच्या चाळिसाव्या दिवसासाठी आला तेव्हा आईजवळ बसून हलक्या आवाजात म्हणाला, "अम्मा, ऐक. उसने पैशे दिल्यापासनं तीन वर्षांत कोर्टात गेलं तर जायचं. त्यापुढं कोर्ट दारात उभं करत न्हाई. आता तीन आठवडे ऱ्हायलेत."

"मग देणं फिटतं व्हय?"

"फिटत न्हाई. पण कुणाला वसूल करता येत न्हाई. दुकान वाचतंय, अम्मा. तू रस्त्यावर येत न्हाईस. तेवढ्यात कुणी कागूद घेऊन आलं तर सही करू नको. सही केलीस की त्या दिवसापासनं तीन वर्षं परत नव्यानं चालू."

"भाऊसो कागूद आणणार न्हाई."

"त्यो न्हाई आणणार. राजवर्धन आणंल. तू सही करू नको, बास. मला शब्द दे."

तिने शब्द दिला. वकीलबाईंनी अजहरला दुसरी गोष्टही सांगितली होती, की सही जशी चालत नाही तसे थोडेसे पैसेही देऊ नका, लिहून तर मुळीच नाही, कारण त्यानेही मुदत नव्याने सुरू होते. ती गोष्ट अजहरने आईला सांगितली नाही. पैसे देण्याइतके आईकडे आहेतच कुठे, असं त्याला वाटलं असावं.

दुकान याकूबच्या पश्चात फरीदाच्या नावावर करायचं ठरलं होतं. अजहरने आणि मिरजेला दिलेल्या त्याच्या बहिणीने, समीनाने, त्याच आठवड्यात हक्कसोडपत्र दिलं. आईच्या डोक्यावर छप्पर राहावं, एवढाच त्यांचा हेतू होता.

चाळिसाव्याला फातिहा झाला, पंगत उठली. पोरं परत गेली आणि घर एकदम रिकामं झालं. आलेल्या माणसांनी फरीदाच्या हातात पन्नास-शंभर ठेवले होते. ते आणि डब्यातले मिळून दोन हजार झाले. ती त्या नोटांकडे बघत बसली. याकूबच्या नावाने एवढं अन्न वाटलं, कुराण वाचून घेतलं, आणि ज्याचं खरं देणं, त्याला एक पैसा गेला नाही. हे कसलं पुण्य? निदान एक दगड तरी त्याच्या छातीवरून उचलावा.

एरवी ती स्वतः उठली असती, डोक्यावर पदर घेऊन भाऊसोच्या दारात गेली असती आणि त्याच्या बायकोच्या, बनाबाईच्या हातात पैसे ठेवून आली असती. काही लिहायची गरजच नव्हती. पण इद्दतीत उंबरा ओलांडायचा नाही. म्हणून तिने दगडाबाईला हाक मारली.

"माझ्या हातात दोन हजार देतासा? घेऊन पळाले म्हंजी?" दगडाबाई म्हणाली.

"पळशील कुठवर? गुडघं तरी हायेत का धड?"

"तुमच्यात बरं हाय बाई. नवरा मेला की चार महिनं बसायचं. आमच्यात दुसऱ्या दिवशी मेंढरामागं. मेंढरास्नी कोण सांगणार, मालक गेला म्हणून?"

फरीदा हसली. चाळीस दिवसांत पहिल्यांदा. आणि हसतच तिने वहीचं पान फाडलं. दगडाबाई तिथे जाऊन काय सांगेल याचा नेम नव्हता. भाऊसोला वाटायचं, गादीचे राहिलेले पैसे आले. आणि ‘हे वेगळं, ते वेगळं’ म्हणून तो परत पाठवायचा. शिवाय दुसऱ्याच्या हातून पैसे पाठवताना चिठ्ठी द्यायची, ही याकूबची शिस्त होती. फरीदा मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. तिने गोल अक्षरात लिहिलं, ‘याकूबभाईंनी आपल्याकडून घेतलेल्या हातउसन्यापैकी दोन हजार रुपये पाठवीत आहे. बाकीचे देऊ.’ तारीख घातली. खाली पूर्ण नाव लिहिलं, फरीदा याकूब नदाफ. सही करू नको, असं अजहर म्हणाला होता. पण तो कुणी आणलेल्या कागदाबद्दल बोलला होता. हा कागद कुणी आणला नव्हता. ही तर नुसती चिठ्ठी.

दगडाबाई परत आली. "पोचले म्हणाला. चिठ्ठी दोनदा वाचली, चष्मा काढला आन् बसला गप. चा सुदिक इचारला न्हाई मला, मेल्यानं."

त्या रात्री फरीदाला झोप लागली.

जानेवारीतली तारीख गेली. अजहर पेढे घेऊन आला. "सुटलो, अम्मा," म्हणाला. तिने पेढा हातात घेतला, तोंडात घातला नाही. दोन हजारांचं तिने त्याला सांगितलं नाही. भीतीने नव्हे. ते तिचं आणि याकूबचं होतं, असं तिला वाटत होतं.

मार्चमध्ये इद्दत संपली. आता बाहेर पडायचं, कापूस आणायचा, दुकान पुन्हा लावायचं, असं तिने ठरवलं होतं. आणि त्याच आठवड्यात सगळा देश घरात बसला. दगडाबाई गल्लीच्या तोंडाशी उभी राहून ओरडली, "घ्या! तुमची सुटली आन् आमची सगळ्यांची बसली!"

त्या दोन वर्षांबद्दल कुणी कुणाला काय सांगावं? शटर उघडायचं, पोलीस आले की ओढायचं. मेलेल्या माणसांच्या गाद्या लोक ओढ्याकाठी नेऊन जाळत, त्याचा वास गल्लीत यायचा आणि नवी गादी कुणी करत नसे. अजहरच्या कारखान्याने त्याला घरी बसवलं. त्याने आईच्या सहीने पतसंस्थेकडून दुकानावर कर्ज काढलं, ते पोट भरण्यात गेलं. दुसऱ्या लाटेत भाऊसो गेला. जळलेल्या छातीला तो आजार कसा सोसणार? त्याचं प्रेत घरी आणू दिलं नाही. फरीदा बनाबाईला भेटायला गेली, पण दारावर बांबू बांधलेले होते. ती बांबूपाशीच उभी राहिली आणि परत आली.

पुढच्या पावसाळ्यात राजवर्धन आला. सेलमचं दुकान त्याने मोडलं होतं. कारागिरांची देणी होती, बापाच्या दवाखान्याची होती. ऐन पस्तिशीत त्याचे केस पिकले होते. तो स्टुलावर बसला, बाप बसायचा तिथेच.

"चाची, आबांनी सांगून ठेवलं होतं, याकूबकाकाच्या दारात मागायला जायचं न्हाई. मी आलो, कारण मला दुसरं दार ऱ्हायलं न्हाई."

योगायोगाने अजहर त्या दिवशी घरी होता. तो पडद्यामागून बाहेर आला.

"राजूदादा, तारीख कवाच गेली. इचार कुठल्याबी वकिलाला."

"तुझ्या बापाची पावती हाय माझ्याकडं."

"फोटो काढून भिताडाला लाव."

राजवर्धन उठला. "जनाज्यात तूच उभा ऱ्हायला हुतास न्हवं? माझ्याकडं या म्हणून? आलो की मी." एवढं बोलून तो पायऱ्या उतरला. अजहरचे कान लाल झाले.

महिन्याभराने वकिलाची नोटीस आली. अजहर हसत हसत ती घेऊन माया लाडांकडे गेला आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. त्याने नोटिशीला जोडलेली झेरॉक्स आईपुढे टाकली.

"हे काय हाय, अम्मा?"

तिने पाहिलं. स्वतःचं गोल अक्षर तिने झटकन ओळखलं.

"हे... चाळिसाव्याचे पैशे पाठवले हुते रं. अब्बांच्या नावानं."

"सही करू नको म्हणलो हुतो न्हवं?"

"कागूद कुठं आला हुता? चिठ्ठी हाय ही."

"चिठ्ठी!" अजहर मटकन कापसाच्या गठ्ठ्यावर बसला. "अम्मा, ह्या चिठ्ठीनं घड्याळ परत पहिल्यापासनं चालू झालं. तीन आठवडे ऱ्हायले हुते. तीन आठवडे! त्या दिवसापासनं नवी तीन वर्षं मिळाली त्येला. वकीलबाई म्हणल्या, दोन हजार दिले न्हाईत तुमच्या आईनं, पाच लाख दिले."

"मला सांगायचं व्हतंस, पैशे बी द्यायचे न्हाईत म्हणून."

अजहरने वर पाहिलं. त्याला ते लागलं. आणि लागलं म्हणूनच पुढची तीन वर्षं तो आईवर जास्त चिडत राहिला.

दावा उभा राहिला. माया लाड पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी फरीदाला समोर बसवून विचारलं, "चाची, चिठ्ठी तुमच्या हातची आहे का? खरं काय ते मला सांगा."

"त्येंचं अक्षर न्हाई ते," अजहर मध्येच म्हणाला.

"मी त्यांना विचारलं."

फरीदाने मुलाकडे पाहिलं. त्याच्या मांडीवर तिची नात होती, तिच्या पायात दोन वेगळ्या वेगळ्या चपला होत्या. वकीलबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली, मग लिहून घेतलं. जबाबाच्या कागदावर फरीदाने सही केली. त्यात लिहिलं होतं की चिठ्ठी प्रतिवादीच्या हस्ताक्षरातली नाही आणि पैसे कधी पाठवलेच नाहीत. पुढे तेच प्रतिज्ञापत्रावर आलं. त्यावरही सही केली. तिचा नमाज त्या दिवसापासून बिघडला. हात बांधून उभी राहिली की शब्द विसरायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

तारखा पडत गेल्या. दगडाबाईने राजवर्धनकडून साक्ष द्यायची की फरीदाकडून, हा प्रश्नच उरला नाही. तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. आता त्या चिठ्ठीबद्दल बोलू शकणारी जगात एकटी फरीदा उरली होती.

उलटतपासाच्या आदल्या दिवशी अजहर आईच्या पायाशी बसला. रागावला नाही. तेच तिला जड गेलं.

"अम्मा, जास्ती बोलू नको. ‘माझं न्हाई’ म्हण. राजूदादानं अक्षराच्या तज्ज्ञाकडं पाठवली न्हाई चिठ्ठी, खर्च झेपत न्हाई त्येला. तू न्हाई म्हणलीस की त्येच्याकडं काय ऱ्हातंय? दोन शब्द. मग दुकान तुझं."

"आणि तुझे अब्बा?"

"अब्बा गेले. आपण हाय." तो थोडं थांबून म्हणाला, "मला नोकरी न्हाई, अम्मा. ह्येच एक हाय."

विट्याच्या कोर्टात त्या दिवशी गर्दी होती. फरीदा पिंजऱ्यात उभी राहिली. समोरच्या बाकावर राजवर्धन, शेजारी बनाबाई. बनाबाई वाळून काठी झाली होती. तिने फरीदाकडे पाहून सवयीने मान हलवली, बाजारात भेटल्यावर हलवावी तशी.

राजवर्धनचा वकील तरुण होता, आवाज चढवणारा नव्हता. त्याने चिठ्ठी दाखवली.

"हे अक्षर तुमचं आहे?"

"न्हाई," फरीदा म्हणाली. अजहरने श्वास सोडला. तो तिला इथवर ऐकू आला असं वाटलं.

"खालचं नाव तुमचं आहे, पण ते तुम्ही लिहिलेलं नाही?"

"न्हाई."

"तुम्ही भाऊसोंना दोन हजार रुपये पाठवले नाहीत?"

"न्हाई."

वकिलाने चिठ्ठी खाली ठेवली. पुढचा प्रश्न त्याने अगदी सहज विचारला, कागदाची घडी घालता घालता. "म्हणजे मयत भाऊसोंनी मुदत वाढावी म्हणून ही चिठ्ठी स्वतः खोटी लिहून ठेवली, असं तुमचं म्हणणं आहे?"

फरीदाने तोंड उघडलं. इथेही नुसतं एक ‘व्हय’ म्हणायचं होतं. बनाबाई तिच्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत राग नव्हता. ती फक्त ऐकत होती, आपल्या नवऱ्याचं नाव कोर्टात कसं निघतंय ते. फरीदाला पडद्याआडचा तो खोकला आठवला. मागायला येणारातला भाऊसो न्हवं. तो आला नव्हताच. शेवटपर्यंत आला नव्हता.

"न्हाई," ती म्हणाली.

"काय नाही?"

"त्येंनी न्हाई लिवली. मी लिवली. मी इद्दतीत हुते म्हणून चिठ्ठी द्यावी लागली. पैशे बी मीच पाठवले. उसन्यापैकीच." तिने कठड्याला धरलं. "मघाचं खोटं हुतं. कागदावरलं बी. भाऊसोला खोटं म्हणू नका."

जजसाहेबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि मग सावकाश टंकलेखकाला सांगू लागले. माया लाडांनी डोळे मिटून घेतले. अजहर केव्हा बाहेर गेला ते कुणी पाहिलं नाही.

जिन्याखाली बनाबाईने तिचा हात धरला. दोघीही रडल्या नाहीत. राजवर्धन पलीकडे उभा होता. "चाची, मला दुकान नको," तो म्हणाला. "पैशे पायजेत. व्याज बी नको. हप्त्यानं द्या की, मी थांबतो."

पण हप्ते कुठून द्यायचे? अजहर त्याच्याशी बोलायला तयार नव्हता आणि पतसंस्था तर थांबायला मुळीच तयार नव्हती. निकाल लागला त्या उन्हाळ्यात दुकान कृष्णात नावाच्या माणसाने घेतलं. त्याला मोबाईलच्या कव्हरांचं दुकान काढायचं होतं. त्यातून राजवर्धनचे पाच लाख गेले, पतसंस्थेचे गेले, कोर्टाचा खर्च गेला. उरले त्यात लोणंदला अजहरच्या भाड्याच्या दोन खोल्यांची अनामत भरली. पिंजायचं मशीन भंगारात गेलं. भंगारवाला म्हणाला, "लोखंड चांगलं हाय, चाची, जुनं हाय." तिला ते चांगलं वाटलं, कुणी तरी चांगलं म्हणालं म्हणून.

लोणंदला अजहर तिला काही कमी पडू देत नव्हता. गोळ्या आणायचा, ताटात पहिली भाकरी तिला वाढायला सांगायचा. फक्त तिच्याशी बोलायचा नाही. काही सांगायचं असलं तर मुलीला सांगायचा, "दादीला म्हण." शेजाऱ्यांनी विट्याचं दुकान काय झालं विचारलं की म्हणायचा, "आईनं दिलं." एवढंच. आणि ते खोटं नव्हतं, म्हणून फरीदा गप्प बसायची.

नोव्हेंबरात याकूबच्या जाण्याची तारीख आली. ती एकटीच एसटीने विट्याला गेली. कब्रस्तानात बायका आत जात नाहीत. ती फाटकाबाहेर उभी राहून आत पाहत राहिली. कुठली कबर कुणाची, लांबून कळत नव्हतं. गवत फार वाढलं होतं. तिने दुआ मागितली. मग वाट पाहिली. देणं फिटलं, आता तरी काहीतरी हलकं वाटेल, छातीवरचं काही उतरेल, असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं. पण काही उतरलं नाही. तो सुटला की नाही, कुणी येऊन सांगत नाही. फाटकावर ऊन होतं, ते हळूहळू तिच्या पायावर आलं, आणि मग बसची वेळ झाली.

संध्याकाळी ती लोणंदला पोचली तेव्हा अजहर जेवायला बसला होता. सुनेने तिला ताट वाढलं. मग अजहर ताटातून वर न बघता म्हणाला, "दुकानाकडनं गेलीस?"

कित्येक महिन्यांनी तो थेट तिच्याशी बोलत होता. फरीदाचा घास हातातच राहिला.

"गेले."

"शटर तेच हाय?"

"न्हाई. नवीन केलंय. काचेचं दार हाय आता."

अजहरने मान हलवली. राहिलेल्या भाकरीचा तुकडा ताटात तसाच ठेवला, हात धुतले आणि चपला घालून बाहेर गेला.

फरीदाने तो तुकडा उचलला आणि खाल्ला.